विजय कोणाचा : क्वार्टरबॅकचा की संघाचा?

टॉम ब्रॅडीने ३ फेब्रुवारी २००२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे आपला पहिला सुपर बोल जिंकला, तेव्हा त्याने संपूर्ण सामन्यात अवघ्या १४५ यार्डांच्या फेकी यशस्वी केल्या होत्या. समोरच्या सेंट लुईस रॅम्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर याने ३६५ यार्ड फेकले आणि तो हरला. पुढे ४ फेब्रुवारी २०१८ रोजी मिनियापोलिसमध्ये त्याच ब्रॅडीने ५०५ यार्ड फेकून सुपर बोलमधील विक्रम केला, तीन टचडाउन मिळवून दिले, एकही फेक प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू दिली नाही आणि त्याचा न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघ फिलाडेल्फिया ईगल्सकडून ४१-३३ असा पराभूत झाला. नोंदवहीत मात्र पहिला सामना ब्रॅडीच्या नावावर विजय म्हणून आणि दुसरा पराभव म्हणून लिहिला गेला आहे.

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजेच एनएफएलमध्ये, प्रत्येक संघाच्या चमूत ५३ खेळाडू असतात. त्यांपैकी केवळ एकाच खेळाडूच्या नावापुढे जय-पराजयाचे आकडे लिहिण्याची प्रथा आहे. क्रिकेटमध्ये कर्णधाराच्या नावापुढे असे आकडे लिहिले जातात. परंतु कर्णधार क्षेत्ररक्षणाच्या वेळीही मैदानावर असतो, गोलंदाज बदलतो, क्षेत्ररक्षकांची जागा ठरवतो. क्वार्टरबॅकचे तसे नाही. आपल्या संघाचा बचाव सुरू असताना तो मैदानाबाहेरील बाकावर बसलेला असतो. म्हणूनच संघाच्या विजयाचे श्रेय त्याला नेमके किती द्यावे, हा वाद या खेळाचे चाहते, प्रशिक्षक आणि संघमालक यांच्यात अनेक वर्षे चालू आहे. तो केवळ गप्पांचा विषय राहिलेला नाही. कोणाला किती कोटी डॉलर मिळणार, कोणाची नोकरी जाणार आणि कोणाला संधीच मिळणार नाही, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरत आले आहे.

एका माणसाच्या हाती काय असते?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत चेंडू किमान दहा यार्ड पुढे न्यावा लागतो. ते जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. प्रत्येक संघाचे आक्रमणाचे अकरा खेळाडू वेगळे, बचावाचे वेगळे, आणि चेंडूला लाथ मारण्याच्या प्रसंगांसाठी तिसरा चमू असतो. क्वार्टरबॅक आक्रमणाच्या अकरांपैकी एक. परंतु जवळजवळ प्रत्येक डावात चेंडू प्रथम त्याच्याच हाती येतो. तो फेकायचा, धावणाऱ्या सहकाऱ्याकडे सोपवायचा की स्वतःच घेऊन पळायचे, याची अंमलबजावणी तो करतो.

डाव कोणता खेळायचा हे बहुतेक वेळा प्रशिक्षक ठरवतात. १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात लहानसा रेडिओ बसवण्यास परवानगी आहे आणि त्यावरून प्रशिक्षकांचा आदेश त्याच्या कानी पडतो. मात्र डाव सुरू करण्याच्या मुदतीतील शेवटची पंधरा सेकंदे उरली की हा आवाज बंद होतो. त्यानंतर समोरच्या बचावफळीची रचना पाहून ठरलेला डाव बदलायचा की नाही, हे त्याला एकट्यालाच ठरवावे लागते. पेटन मॅनिंग याच कामासाठी प्रसिद्ध होता. रेषेवर उभा राहून हातवारे करीत, ओरडत तो अखेरच्या क्षणी संपूर्ण डावाची फेरमांडणी करी. चेंडू हाती आल्यावर फेकण्यासाठी साधारण दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढा अवधी मिळतो तोही पुढच्या फळीतील पाच धिप्पाड सहकारी प्रतिस्पर्ध्यांना थोपवून धरतात म्हणून. या पाच जणांची नावे सामन्याच्या वृत्तांतात क्वचितच येतात.

क्वार्टरबॅकच्या कामगिरीचे जे आकडे सांगितले जातात, त्यांतही इतरांचे श्रम मिसळलेले असतात. त्याने पाच यार्डांची साधी फेक केली आणि ती झेलून सहकारी पंच्याहत्तर यार्ड धावला, तर क्वार्टरबॅकच्या खात्यात ऐंशी यार्ड जमा होतात. उलट अचूक फेकलेला चेंडू सहकाऱ्याच्या हातातून उसळून प्रतिस्पर्ध्याने पकडला, तर चूक क्वार्टरबॅकच्या नावावर लिहिली जाते. एनएफएलने १९७३ मध्ये स्वीकारलेले 'पासर रेटिंग' हे सूत्र यशस्वी फेकींचे प्रमाण, यार्ड, टचडाउन आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले चेंडू या चार गोष्टींवर आधारलेले आहे. त्यात कमाल गुण १५८.३ असा विचित्र आकडा येतो आणि क्वार्टरबॅकच्या धावण्याचा विचार मुळीच होत नाही. ईएसपीएनने २०११ मध्ये शून्य ते शंभर गुणांचे नवे मोजमाप आणले व डावाच्या प्रसंगाचे महत्त्वही त्यात धरले. तरीही एका फेकीतले फेकणाऱ्याचे किती, झेलणाऱ्याचे किती आणि वाट अडवणाऱ्याचे किती, याची निर्विवाद वाटणी कोणत्याही सूत्राला करता आलेली नाही.

क्वार्टरबॅक काढून पाहिला तर?

सूत्रांपेक्षा अधिक बोलके ठरतात ते दुखापतीने घडवून आणलेले प्रयोग. पेट्रियट्सने २००७ च्या नियमित हंगामातील सर्व १६ सामने जिंकले होते. पुढच्या वर्षी पहिल्याच सामन्यात ब्रॅडीचा गुडघा दुखावला आणि तो हंगामाबाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या मॅट कॅसलने शाळा सोडल्यापासून एकाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती. तरीही पेट्रियट्सने ११ सामने जिंकले व ५ गमावले. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांची यंत्रणाच खरी, क्वार्टरबॅक कोणीही चालतो, असे म्हणणाऱ्यांना त्या वर्षी मोठे बळ मिळाले.

त्यानंतर तीनच वर्षांनी इंडियानापोलिस कोल्ट्सने नेमके उलटे उदाहरण घालून दिले. २०१० मध्ये मॅनिंगसह १० सामने जिंकलेला हा संघ २०११ मध्ये त्याच्या मानेच्या शस्त्रक्रियेमुळे त्याच्याविना खेळला. पहिले १३ सामने ओळीने हरला आणि १६ पैकी अवघे २ जिंकला. हंगाम संपताच प्रशिक्षक व संघाचे मुख्य व्यवस्थापक दोघांचीही गच्छंती झाली. एक माणूस गेल्याने आठ विजय गेले, असा हिशेब मांडणे सोपे आहे. पण त्यात अर्धेच सत्य आहे. एकाच असामान्य खेळाडूवर विसंबून राहिलेल्या संघाने पर्यायी क्वार्टरबॅक घडवण्याकडे दुर्लक्ष केले होते, हेही त्या पडझडीचे एक कारण होते.

या वादाचा निकाल लावण्याची सर्वांत मोठी संधी २०२० मध्ये आली. वीस हंगामांनंतर ब्रॅडी आणि बेलिचिक वेगळे झाले. ४२ वर्षांचा ब्रॅडी टॅम्पा बे बकनीअर्सकडे गेला. आदल्या वर्षी ७ विजय आणि ९ पराभव असलेला हा संघ ११ सामने जिंकून सुपर बोलपर्यंत पोहोचला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने कॅन्सस सिटी चीफ्सचा ३१-९ असा धुव्वा उडवला. दरम्यान पेट्रियट्स १२ विजयांवरून ७ वर घसरले. २०२३ च्या हंगामात त्यांना केवळ ४ विजय मिळाले आणि त्यानंतर बेलिचिक यांनीही संघ सोडला.

ब्रॅडीच्या चाहत्यांच्या दृष्टीने वाद येथे संपला. परंतु बारकाईने पाहिले तर तोही प्रयोग निर्भेळ नव्हता. २०१९ मध्ये टॅम्पाचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टन याने तब्बल ३० चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले होते. ब्रॅडीने २०२० मध्ये १२ दिले. माइक एव्हान्स आणि ख्रिस गॉडविन हे झेल घेणारे प्रमुख खेळाडू तेच होते. एवढे श्रेय ब्रॅडीचेच म्हणावे लागेल. शिवाय क्वार्टरबॅकने चेंडू जपला की बचावफळीला बिकट जागेवरून खेळावे लागत नाही, हा लाभ आकड्यांत दिसत नाही. मात्र ब्रॅडीबरोबर रॉब ग्रॉन्कोव्स्की आला, पुढच्या फळीत नवोदित ट्रिस्टन वर्फ्स आला. आणि अंतिम सामन्यात पॅट्रिक माहोम्ससारख्या क्वार्टरबॅकच्या संघाला एकही टचडाउन करू न देणारी टॅम्पाची बचावफळी खेळत होती, तेव्हा ब्रॅडी बाकावर होता. तिकडे पेट्रियट्सच्या आठ खेळाडूंनी त्या वर्षी कोरोनाच्या साथीमुळे खेळण्यास नकार दिला होता.

मॅनिंगची कारकीर्द तर या वादात दोन्ही बाजूंनी साक्ष देते. कोल्ट्स सोडून डेन्व्हर ब्रॉन्कोसकडे गेल्यावर त्याने २०१३ मध्ये ५५ टचडाउन फेकी आणि ५,४७७ यार्ड असे दोन विक्रम केले. त्या हंगामाचा शेवट सिअ‍ॅटल सीहॉक्सकडून ४३-८ अशा दारुण पराभवाने झाला. २०१५ मध्ये तो थकला होता. नियमित हंगामात ९ टचडाउन आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले १७ चेंडू, अशी त्याची कामगिरी होती. काही सामने तो बाहेरच बसला. तरीही फेब्रुवारी २०१६ मध्ये ब्रॉन्कोसने कॅरोलिना पँथर्सला २४-१० असे हरवून सुपर बोल जिंकला आणि मॅनिंगने विजेता म्हणून निवृत्ती घेतली. सामन्याचा मानकरी ठरला बचावफळीतील वॉन मिलर. मॅनिंगच्या नावावर दुसरे अजिंक्यपद लिहिले गेले, ते त्याच्या सर्वांत वाईट वर्षाचे.

श्रेयाची किंमत

श्रेय आणि पैसा यांचे नाते एनएफएलमध्ये विशेष घट्ट आहे, कारण १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. २०२४ मध्ये ही मर्यादा सुमारे २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. त्याच वर्षी डॅलस काउबॉइजने डॅक प्रेस्कॉटशी वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलरचा करार केला. एकाला एवढे दिले की उरलेल्यांना कमी पडणार, हे उघड आहे. त्या हंगामात प्रेस्कॉट दुखापतीपूर्वी ८ सामने खेळला, त्यांपैकी संघाने ३ जिंकले; तो नसताना ९ पैकी ४. एवढ्यावरून प्रेस्कॉट निरुपयोगी ठरत नाही, पण विजयांच्या आकड्यावर किंमत ठरवणे किती बेभरवशाचे आहे ते दिसते.

श्रेय नाकारले गेल्याची उदाहरणेही आहेत. ट्रेंट डिल्फर हे त्यांतील सर्वांत ठसठशीत. बाल्टिमोर रेव्हन्सच्या बचावफळीने २००० च्या नियमित हंगामातील १६ सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना मिळून केवळ १६५ गुण करू दिले. मध्यंतरी सलग पाच सामन्यांत रेव्हन्सच्या आक्रमणाला एकही टचडाउन करता आला नव्हता. त्यानंतर डिल्फरला क्वार्टरबॅक म्हणून कायम ठेवून संघाने जानेवारी २००१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सवर ३४-७ असा विजय मिळवला. अजिंक्यपद मिळवून दिलेल्या या क्वार्टरबॅकला काही आठवड्यांतच निरोप देण्यात आला! रेव्हन्सच्या व्यवस्थापनाने श्रेयाची वाटणी निर्दयपणे केली खरी. पण ज्यांना त्याच्या जागी आणले, त्यांच्याकडून त्यांना पुढच्या वर्षी दुसरे अजिंक्यपद मिळाले नाही.

दुसऱ्या टोकाला आर्ची मॅनिंग. पेटनचे वडील. १९७० च्या दशकात दुबळ्या न्यू ऑर्लिन्स सेंट्ससाठी ते खेळले. प्रतिस्पर्धीही त्यांच्या कौशल्याचा आदर करीत; पण कारकिर्दीच्या अखेरीस त्यांच्या नावापुढे ३५ विजय, १०१ पराभव आणि ३ अनिर्णित सामने असे आकडे लागले.

विजयाचे श्रेय 'नेतृत्वगुण', 'थंड डोके', 'निर्णयशक्ती' अशा शब्दांत सांगितले जाते आणि हे गुण मोजता येत नाहीत. ज्या जागेला हे गुण चिकटवले गेले, त्या जागेसाठी कृष्णवर्णीय खेळाडू अपात्र आहेत, असा पूर्वग्रह एनएफएलमध्ये अनेक दशके होता. महाविद्यालयात क्वार्टरबॅक असलेल्या कितीतरी कृष्णवर्णीय तरुणांना व्यावसायिक संघांनी दुसऱ्या जागांवर खेळवले. वॉरन मून याला १९७८ च्या निवडीत एकाही संघाने घेतले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनसाठी सहा हंगाम खेळला, पाच वेळा ग्रे कप जिंकला, मगच एनएफएलचे दार उघडले. २००६ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. ३१ जानेवारी १९८८ रोजी वॉशिंग्टनच्या डग विल्यम्सने चार टचडाउन फेकून सुपर बोल जिंकला, तेव्हा असा विजय मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. त्याच सामन्यात सहकारी टिमी स्मिथ २०४ यार्ड धावला होता. श्रेयाची काटेकोर वाटणी करायची तर विल्यम्सच्या वाट्यातून काही स्मिथला द्यावे लागेल. पण त्या दिवशी एकट्या क्वार्टरबॅकला मिळालेल्या श्रेयाने जे काम केले, ते काटेकोर वाटणीने झाले नसते.

पेटनचा धाकटा भाऊ ईलाय मॅनिंग याच्याबाबत हा वाद अद्याप मिटलेला नाही. न्यूयॉर्क जायंट्सकडून नियमित हंगामांत ११७ विजय आणि ११७ पराभव, असा बरोबर निम्मा-निम्मा हिशेब ठेवून तो निवृत्त झाला. परंतु त्याने दोन सुपर बोल जिंकले, दोन्ही पेट्रियट्सविरुद्ध, आणि दोन्ही वेळा तोच सामन्याचा मानकरी ठरला. २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी तो प्रथमच पात्र झाला तेव्हा त्याची निवड झाली नाही.

यांपैकी पहिला सुपर बोल फेब्रुवारी २००८ मधला. आतापर्यंत अपराजित असलेले पेट्रियट्स १४-१० असे पुढे होते आणि सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ उरला होता. ईलायची एक फेक प्रतिस्पर्धी असांते सॅम्युएलच्या बोटांना लागून बाहेर गेली. ती पकडली गेली असती तर सामना तेथेच संपला असता. पुढच्याच डावात त्याला दोघा-तिघांनी जर्सीला धरून ओढले. तो कसाबसा निसटला आणि त्याने चेंडू उंच भिरकावला. फारसा परिचित नसलेल्या डेव्हिड टायरीने उडी मारून तो एका हाताने स्वतःच्या शिरस्त्राणावर दाबून धरला आणि पाठीवर पडेपर्यंत सोडला नाही. काही क्षणांनी प्लॅक्सिको बरेसने विजयी टचडाउन झेलला व जायंट्स १७-१४ असे जिंकले. टायरी त्यानंतरही एनएफएलमध्ये राहिला, पण तो त्याचा शेवटचा झेल ठरला.