प्राथमिक आरोग्य केंद्र : कर्मचारीवर्ग व समूहकार्य

ग्रामीण आरोग्य केंद्रात वेगवेगळ्या पदांच्या आणि नेमणुकांच्या कर्मचाऱ्यांकडून एकत्रित काम करून घेण्याची व्यवस्था. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा व आसपासच्या गावांसारख्या भागात सरकारी आरोग्यसेवा या व्यवस्थेवरच चालते.

पार्श्वभूमी : भोर समितीने १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या अहवालानंतर हिवताप, देवी, कुटुंबनियोजन अशा स्वतंत्र कार्यक्रमांचे कर्मचारी बहुउद्देशीय झाले. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, तर अनुक्रमे ५,००० व ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे.

रचना : महाराष्ट्रात ही केंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. प्रमुख वैद्यकीय अधिकारी असतो. त्याच्या हाताखाली आरोग्य सहायक व सहायिका, औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परिचर इत्यादी असतात. उपकेंद्रांवर आरोग्य सेवक व सेविका काम पाहतात. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने कंत्राटी कर्मचारी आणि साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका यांची भर घातली. आशांच्या कामावर गटप्रवर्तक देखरेख ठेवतात. २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले.

ताणाची कारणे : एकाच छताखाली कायम, कंत्राटी आणि कामावर आधारित मोबदला घेणारे असे तीन वर्ग असतात. काम सारखे, पण पगार, रजा व निवृत्तिवेतन वेगळे, ही नाराजीची मुख्य जागा. वैद्यकीय अधिकारी बहुधा तरुण आणि बदलीवर जाणारा असतो, तर सेविका व सहायक त्याच भागात अनेक वर्षे राबलेले असतात. उपकेंद्रात अनुभवी सेविकेवर नवख्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे नेतृत्व आले, की अधिकाराचा प्रश्न उभा राहतो. रिक्त पदांचा अतिरिक्त कार्यभार, मुख्यालयी राहण्याची सक्ती आणि ऑनलाइन नोंदींचा बोजा यांनीही कुरबुरी वाढतात. आशांच्या २०२३-२४ मधील राज्यव्यापी संपानंतर शासनाने त्यांच्या मासिक मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ केली.

समन्वयाची साधने : लेखी कामवाटप, आगाऊ फिरती कार्यक्रम, लसीकरण सत्रांचे नियोजन आणि मासिक सभा ही नेहमीची साधने होत. सभा केवळ उद्दिष्टांचा हिशेब आणि कानउघाडणी यांत संपली, तर अडचणी दडवल्या जातात व आकडे फुगतात. उलट माहेरी गेलेली गरोदर माता, लस चुकलेले बालक किंवा उपचार सोडलेला क्षयरोगी अशा एकेका प्रकरणावर सर्वांनी मिळून चर्चा केली, तर आशाची माहिती आणि डॉक्टरचे ज्ञान एकमेकांना पूरक ठरतात. चूक एकांतात दाखवणे आणि चांगल्या कामाची सभेत दखल घेणे हा अनुभवी अधिकाऱ्यांचा परिपाठ आहे.

जामखेडचा दाखला : रजनीकांत व मॅबेल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेड (जि. अहिल्यानगर) येथे सुरू केलेल्या प्रकल्पात खेड्यांतील, पुष्कळदा निरक्षर, स्त्रिया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. नियमित बैठकांत त्या डॉक्टर-परिचारिकांबरोबर बरोबरीने बसत. दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मर्यादा : वेतनातील तफावत आणि रिक्त पदे यांचा निर्णय राज्य व जिल्हा स्तरावर होतो. कुशल वैद्यकीय अधिकारी ताण कमी करू शकतो. त्याचे मूळ कारण दूर करणे त्याच्या अधिकारात नाही.