नामयाची जनी: चाकरीत मिळालेलं नाव

मंडळी, कामाच्या जागी माणसाची कल्पकता ओळखावी, तिची दखल घ्यावी, असं आज सगळ्याच कार्यालयांत बोललं जातं. महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी, भिंतीवर फोटो, एक शाल आणि नारळ. हे सगळं बाहेरून आलेलं नवं खूळ आहे असं अनेकांना वाटतं. म्हणून आम्ही आज थोडं मागे जाणार आहोत, आणि तेही आपल्याच हिंगोली जिल्ह्यातून.

सुरुवात औंढा नागनाथपासून करू. देवळाचा वरचा भाग नंतरच्या काळातला, पण खालचं कोरीवकाम यादवकाळातलं. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींच्या ओळी सावकाश बघा. दगडातून एवढं काढणारे हात कुणाचे? नावं आपल्याला माहीत नाहीत. या बांधणीला आपण ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा प्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मोठा साहेब. छिन्नी चालवणारे वेगळेच होते, पण शैलीला नाव साहेबाचं लागलं आणि सातशे वर्षं टिकलं. कामाच्या श्रेयाचा हा एक जुना नमुना आहे, आणि तो आजही अनोळखी वाटत नाही.

दुसरा नमुना त्याच काळातला. याच जिल्ह्यातलं नर्सी हे परंपरेनं नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांची गुरुभेट औंढ्याला, विसोबा खेचरांशी झाली, अशीही परंपरा आहे. त्यांच्या घरात काम करणारी जनी गोदावरीकाठच्या गंगाखेडची. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणीतच होता, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं दोघं एकाच जिल्ह्यातले! लहानपणीच तिला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी ठेवलं, असं सांगतात. तिथं दळण, कांडण, पाणी भरणं, झाडलोट, धुणं हेच तिचं आयुष्य.

आणि या बाईच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आहेत.

एका अभंगात तिने नामदेवांच्या घरची माणसं मोजली आहेत. आईवडील, बायको, चार मुलगे, चार सुना, लेक, बहीण, आणि सगळ्यांत शेवटी दासी जनी. जागा शेवटची आहे, पण यादीत आहे. यादी करणारीही तीच, हे विसरू नका. आणखी एक अभंग तिच्या नावावर आहे. कुणाचे अभंग कोण लिहून घेई, त्याची ती चक्क नोंदच आहे. सावता माळ्याचे काशिबा गुरव लिही, चोखामेळ्याचे अनंतभट्ट, आणि जनीचे स्वतः पांडुरंग. काम कुणाचं आणि लेखणी कुणाची, हा फरक इतका स्वच्छ मांडलेला दुसरीकडे सहसा सापडत नाही.

तिच्या नावावरचे सगळे अभंग तिचेच, असं अभ्यासक मानत नाहीत. मागाहूनही कुणी कुणी तिच्या मुद्रेनं रचले असावेत. आम्हाला यात कमीपणा वाटत नाही. मोलकरणीच्या नावाखाली आपली रचना घालावीशी वाटणं, ही केवढी पत झाली!

आता ती मुद्राच बघा. ‘नामयाची जनी’. मालकाचं नाव आधी, तिचं नंतर. ओळखही मिळाली आणि दावंही सुटलं नाही, दोन्ही एकाच शब्दात. वारकऱ्यांच्या मेळ्यात तिला गाता आलं, तिचं गाणं तिच्याच नावानं चाललं, हे त्या काळात लहान नव्हतं. पण जातं काही सुटलं नाही. तिच्या अभंगांत विठ्ठल दळू लागायला येतो, केर काढतो, पाणी वाहतो. कीर्तनात हे ऐकून डोळे भरून येतात, बरोबरच आहे. पण इतिहासाच्या नजरेनं वाचलं तर दिसतं असं, की मदतीला देव बोलवावा लागला. घरातल्या चौदा माणसांपैकी कुणी जात्यापाशी बसल्याचं त्यात येत नाही.

पुढच्या काळाचं थोडक्यात सांगतो. १९५३ च्या कायद्यानं आपल्या राज्यात कामगार कल्याण मंडळ आलं. गुणवंत कामगारांचा सत्कार, कामगारांच्या नाट्यस्पर्धा या मंडळाच्या. दिवसा यंत्रावर आणि रात्री तालमीला, अशी कितीतरी माणसं त्या रंगमंचावर उभी राहिली. सत्कारापेक्षा रंगमंच मोठा, असं आमचं मत आहे. सत्कार वरून कुणीतरी करतो, नाटक माणूस स्वतः करतो.

आणि जनीच्या जात्याचं काय झालं? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. तिथं मात्र आधी कुणा मालकाचं नाव लागत नाही.