फायबरग्लास मोटारीची झळाळी कशी टिकवावी?

बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२ मध्ये आणलेल्या 'डॉल्फिन' मोटारीची बॉडी पत्र्याची नव्हे, तर फायबरग्लासची होती. अशी बॉडी गंजत नाही. मात्र तिची झळाळी जपावी लागते. बॉडी घडविताना साच्यात सर्वप्रथम रंगमिश्रित रेझिनचा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा थर दिला जातो, तोच 'जेलकोट'. जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. प्रखर उन्हातील अतिनील किरणांनी हा थर निस्तेज होतो आणि हात फिरविल्यास खडूसारखी भुकटी लागते.

अशा वेळी मोटार सावलीत उभी करून सौम्य साबणाने धुवावी. धूळ कोरडी पुसल्यास ओरखडे उठतात. नंतर बारीक रबिंग कंपाऊंड मऊ कापडाने हलक्या हाताने फिरवून भुकटीचा थर काढावा, पॉलिश करावे आणि शेवटी वॅक्सचा हात द्यावा. कंपाऊंडच्या प्रत्येक वापराने जेलकोट झिजतो. आतील तंतू दिसू लागले, की तेथून पाणी मुरते आणि पॉलिशचा उपयोग उरत नाही. पुन्हा जेलकोट किंवा रंगच चढवावा लागतो. म्हणून वॅक्स नियमित, कंपाऊंड मात्र क्वचितच वापरावे. मोटार सावलीत ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.