वतन, कोयता आणि दारिद्र्य : कंधारच्या निमित्ताने

मन्याड नदीकाठचे कंधार हे राष्ट्रकूटकालीन नगर. तेथील भुईकोट किल्ल्यावर पुष्कळ लिहिले गेले. परंतु परिसरातील गावांत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या घरांचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. या घरांना दारिद्र्य का चिकटले, याचे उत्तर जमिनीच्या कसाइतकेच कामाच्या स्वरूपातही शोधले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

गावगाड्यात येसकरकी, सांगावा पोचविणे, मेलेली गुरे ओढणे ही कामे महारांच्या माथी होती. मोबदला म्हणजे बलुते, भाकरी आणि असलाच तर इनामाचा तुकडा. महारांचे बावन्न हक्क बेदरच्या बादशहाने दिले, अशी परंपरा आहे. बेदर कंधारपासून फार दूर नाही. पण हे 'हक्क' वेळ नसलेल्या चाकरीचे होते. मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडताना बाबासाहेबांनी नेमके यावरच बोट ठेवले. वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरातील कोणालाही राबावे लागे. इनामाचे तुकडे भावाभावांत वाटले जात; चाकरीची वाटणी मात्र कधी होत नसे.

या चाकरीतून सुटण्याच्या वाटा सर्व प्रांतांत सारख्या नव्हत्या. कोकणातील माणूस लष्कर, गोदी, रेल्वे आणि मुंबईच्या गिरण्यांत गेला. विदर्भात महार जाडेभरडे कापड विणीत. पुढे नागपूरला १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीतही जातिभेद होताच. धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्यांना विणखात्यात प्रवेश नव्हता. तरीही रोख पगार हाती पडे आणि मुलांना शाळा जवळ येई. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. नांदेडची उस्मानशाही गिरणी यांसारखे अपवाद सोडले तर उद्योग तुरळक. म्हणून येथे बलुते सोडणे म्हणजे बहुधा शेतमजुरी धरणे. १९५३ चा मराठवाड्यातील भूमिसत्याग्रह आणि १९५९ व १९६४ चे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रह या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागतात. गायरानाची मागणी ही मालकाच्या दारातून सुटण्याची मागणी होती.

आज बालाघाटाच्या डोंगराळ भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. त्यांत बौद्ध, मातंग, बंजारा, वंजारी असे सारेच आहेत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. एक आजारी पडला की दोघांची मजुरी बुडते, उचल मात्र अंगावर राहते. मुलांची शाळा सुटते ती वेगळीच. वतनातही सारे घर बांधलेले होते. कोयत्यातही ते बांधलेलेच आहे. धंदा बदलला, अटी मात्र पुष्कळशा त्याच राहिल्या.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राजा महाविजिताला पुरोहित सांगतो की, चोऱ्या दंडाने थांबणार नाहीत. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि चाकरी करणाऱ्याला वेतन द्यावे. प्रत्येक व्यवसायाची गरज वेगळी, हे येथे ओळखलेले दिसते. १९१८ साली भारतातील लहान शेतीविषयी लिहिताना बाबासाहेबांनीही जमिनीवरचा माणसांचा भार उद्योगांनी हलका करावा, असे प्रतिपादन केले होते. १९५० साली तत्कालीन औरंगाबादेत त्यांनी महाविद्यालय उघडले, तेही याच विचाराला धरून.

म्हणून कंधारच्या घराची गरिबी मोजताना त्याच्याकडे किती एकर आहे एवढेच विचारून भागणार नाही. ते घर कोणाच्या अटीवर राबते आणि एक माणूस अंथरुणाला खिळला तर चूल पेटते की नाही, हेही विचारले पाहिजे.