भीमेकांठचे मासे व मानसोल्लास

कल्याणीचा चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास (शके १०५१) आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. त्यांतील अन्नभोगांत मासे रांधण्याची रीति आहे: तुकडे करून स्वच्छ धुवावे, चिंचेच्या पाण्यांत शिजवावे, गव्हाचें पीठ लावून तेलांत तळावे, वर सैंधव, वेलदोडा व मिरें घालावें. मत्स्यविनोदांत माशांच्या जातीहि दिल्या आहेत. त्या नांवांची आजच्या माशांशीं सांगड घालणें मात्र बिकट. नुसत्या कोशांनीं हें काम होणारें नाहीं; त्यासाठीं भीमेकांठींच गेलें पाहिजे.

इंदापूर तालुक्यांतील भिगवण येथें उजनीच्या जलाशयाची मासळी विकावयास येते. (याच पाण्याखालीं पळसदेवाचें जुनें देऊळ गेलें, पाणी ओसरलें कीं तें दृष्टीस पडतें.) दख्खनच्या माशांचीं देशी नांवें कर्नल साइक्स यानें १८३९ त प्रसिद्ध केलीं, आणि ‘नुक्ता’, ‘फुलंगी’ हीं शास्त्रीय लॅटिन नांवांत अद्यापि नांदत आहेत. आमचीं नांवें परक्याच्या टिपणांत टिकावीं याचें आम्हांस समाधान वाटतें, आणि थोडी लाजहि वाटते.

आज बाजारांत आफ्रिकेंतून आलेली चिलापी फार. गिऱ्हाईक कल्ला लाल व डोळा चकचकीत पाहून तीच घेतें. देशी जाती विरळ झाल्या म्हणजे त्यांचीं नांवेंहि कोळी-भोयांच्या तोंडून जातील. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, दप्तरांतील मुदपाकखान्याच्या हिशेबांत माशाचें नांव आढळल्यास, अर्थ लागो वा न लागो, तें अक्षरशः उतरून घ्यावें.