खानदेशातला वाघ गेला कुठे?

मंडळी, तुमच्यापैकी कुणाला वाघ बघायचा झाला, तर आज नंदुरबारच्या स्टेशनावर गाडीत बसून भुसावळ गाठावं लागतं. तिथून बडनेरा, मग परतवाडा, आणि पुढे घाट चढून मेळघाटातलं सेमाडोह. डोंगर मात्र अनोळखी नाही. तोरणमाळ ज्या सातपुड्यात आहे, त्याच सातपुड्याची गाविलगडची रांग ती. मग आपल्या घरचा वाघ बघायला इतकी पायपीट का?

त्यासाठी दोनशे वर्षं मागे जाऊ या. 1802 साली होळकरांच्या फौजेनं खानदेश लुटला, 1803 साली भयंकर दुष्काळ पडला, आणि त्यानंतर पेंढाऱ्यांच्या धाडी सुरू झाल्या. गावंच्या गावं उठली. पांढरी ओस पडली, काळीत झुडपं माजली आणि शेताचं रान झालं. नांगर मागे सरला, तसा वाघ पुढे आला. 1818 साली इंग्रजांनी खानदेश घेतला, तेव्हा त्यांच्या हाती लागला तो असा मुलूख. 1822 साली हिंस्र जनावरांनी 500 माणसं आणि 20,000 गुरं मारली, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. आकड्यात थोडी भर पडली असेल असं धरलं, तरी संध्याकाळी गुरं घरी येईपर्यंत गुराख्याच्या आईचा जीव कुठे असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

सरकारनं वाघ मारणाऱ्याला बक्षीस लावलं. 1825 साली जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्यानं भिल्लांची पलटण उभारली; तिचं ठाणं होतं धरणगावला. भिल्लांचा विश्वास त्यानं मिळवला तो बराचसा त्यांच्याबरोबर शिकार करून. दहा वर्षांत दोनशेच्या आसपास वाघ त्याच्या शिकारीत पडले, असं त्याचे चरित्रकार सांगतात. माग काढणारे भिल्ल, हाका घालणारे भिल्ल. नाव मात्र साहेबाचं झालं!

पण गुरुजी, मुलांना हे शिकवताना सगळा दोष बंदुकीच्या माथी मारू नका. बंदुकीनं वाघ मेले, पण वाघाचं घर मोडलं ते नांगरानं आणि कुऱ्हाडीनं. धाडी थांबल्या, गावं पुन्हा वसली, कपाशीला भाव आला. ताप्तीच्या खोऱ्यातली माळरानं पुन्हा वहितीखाली आली. तो पोटाचा प्रश्न होता. त्या कुणब्याला आज आपण काय बोलणार? 1880 साली खानदेशचं गॅझेटियर निघालं, तोवर वाघ मुख्यतः डोंगराच्या आश्रयाला गेला होता. पुढे 1900 च्या सुमाराला ताप्तीकाठानं रेल्वे आली आणि लाकडाला बाजार जवळ झाला. डोंगरही उघडे पडू लागले.

1972 साली देशभर मोजदाद झाली, तेव्हा वाघ भरले अवघे 1,827. त्याच वर्षी वन्यजीव रक्षणाचा कायदा झाला. 1973 साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटचं नाव आलं. म्हणजे ज्या जनावरासाठी सरकार बक्षीस देत होतं, त्याच्यासाठी आता पहारा बसला. 2022 च्या गणनेत देशातल्या वाघांचा अंदाज 3,682 वर गेला. ही वाढ फुकट झाली नाही. मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही गावं वाघाला जागा करून देण्यासाठी उठली. नर्मदेच्या धरणात अक्राणी-अक्कलकुव्याची गावं बुडाली, तेव्हा गाव उठणं म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्यानं पाहिलं आहे. म्हणून सेमाडोहला जीपमध्ये बसाल तेव्हा ज्या वाटेनं जाता ती कुणाच्या शेताची होती, हे वाटाड्याला जरूर विचारा. वाघ दिसेलच असं नाही. मेळघाटचं रान दाट आणि चढउताराचं. ओल्या मातीतलं पाऊल दिसलं तरी फेरी पदरात पडली म्हणायची.

आणि जाण्यापूर्वी एक काम घरचं. आपल्या डोंगरातल्या पाड्यांकडे शेंदूर लावलेला वाघदेव दिसतो, दगडाचा किंवा सागाचा. अंगावर वाघ, वर चंद्र-सूर्य कोरलेले. गुरं राखावीत म्हणून त्याला नारळ, कोंबडं देतात. वाघ नाहीसा झाला तरी त्याचा मान चालू आहे. कुठल्या वाटेवर, कुणी, कशासाठी तो बसवला, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. गुरुजी, पुढच्या बाजाराच्या दिवशी चार मुलं आणि एक वही घेऊन त्यांच्याकडे जा.