वाकेन, पण मोडणार नाही

'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा मराठी मनाला फार प्रिय आहे. चरित्रग्रंथांपासून निवृत्तीच्या समारंभातील भाषणांपर्यंत तो सर्वत्र भेटतो. विमानाचा पत्रा हाताळणाऱ्या कारागिराला मात्र हे वाक्य ऐकवले, तर तो असा धातू भंगारात टाकील. त्याला हवा असतो वाकणारा आणि न मोडणारा धातू. आपल्याच भाषेत मुलांना 'वळण' लागते आणि अक्षरालाही 'वळण' असते. तरी हाताने वळण देणाऱ्यांचा इतिहास आपण वाङ्मयाच्या वर्गात क्वचितच आणतो.

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. चौकाला लागून असलेल्या जुन्या नाशकात तांब्यापितळेच्या भांड्यांची जुनी परंपरा आहे. भांडी बाजाराचे नावच ते सांगते. आग्र्याच्या दिशेने वीसेक किलोमीटर गेले की ओझर लागते. तेथे १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, मिग-२१ आणि नंतर सुखोई-३० विमाने तेथे तयार झाली. एका टोकाला तांबट, दुसऱ्या टोकाला लढाऊ विमान. या दोहोंत काही नाते असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. नाते आहे, आणि ते धातूच्या स्वभावाचे आहे.

तांब्याचे भांडे मठारले की ते कडक होते. ठोके वाढत गेले की चिरण्याची भीती. मग ते तापवून पुन्हा मऊ करावे लागते. पोलाद तापवून पाण्यात बुडवले तर उलट कठीण होते. १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म हा धातुशास्त्रज्ञ ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे व मॅग्नेशियम घालून प्रयोग करीत होता. तापवून पाण्यात विझवलेला त्याचा नमुना पोलादासारखा कठीण झाला नाही. परंतु काही दिवसांनी तपासला तेव्हा तो आपोआप कठीण झालेला आढळला! हेच ड्युरॅल्युमिन. १९१९ साली युंकर्स एफ-१३ हे संपूर्ण धातूचे प्रवासी विमान त्यातून साकारले. आजही विमानाच्या पत्र्यासाठी रूढ असलेल्या २०२४ या मिश्रधातूत चार टक्क्यांहून थोडे अधिक तांबे असते. तांबटाचा धातू असा आकाशात पोहोचला.

घरी विमान बांधणाऱ्याची खरी परीक्षा येथेच होते. पंखाच्या आतील फासळी घडवायची, तर लाकडाचा ठोकळा तिच्या आकारात कापतात, त्यावर पत्रा घट्ट आवळतात आणि कडा हातोडीने हळूहळू खाली वळवतात. ठोकळ्याची धार मात्र गोलसर हवी. २०२४ चा कठीण केलेला पत्रा पाऊण मिलिमीटर जाडीचा असेल, तर वाकाची आतील त्रिज्या साधारणपणे जाडीच्या तीन-चार पट ठेवावी लागते. काटकोनी धारेवर वाकवला तर बाहेरचा थर ताणला जाऊन फाटतो. पत्रा लाटताना त्याला एक रेषा पडलेली असते. वाकाची रेषा शक्यतो तिला आडवी घ्यावी. कडा कानशीने आणि पॉलिश कागदाने गुळगुळीत कराव्यात. खूण पोलादी टोच्याने ओरखडून करू नये, कारण तोच ओरखडा पुढे भेगेचा उगम ठरतो. दोन वाक जेथे भेटतात तेथे आधी छोटे भोक पाडायचे. नव्वद अंशांचा कोन हवा, तर थोडे अधिक वाकवायचे, कारण हात काढला की पत्रा किंचित मागे येतो. आणि तांबटासारखे तापवून मऊ करण्याचा मोह टाळायचा. घरगुती ज्योतीने या धातूचे बळच जाते. येथे चूक त्याच दिवशी दिसतेही असे नाही. ती शेकडो तासांच्या कंपनांनंतर बोलते.

तयार संच विकत घेतला की यातील पुष्कळ काम कारखान्यातच झालेले असते. तरी तेथेही धातू कोणाची भीड ठेवत नाही. अमेरिकेतील व्हॅन्स एअरक्राफ्ट या प्रसिद्ध कंपनीच्या लेझरने कापलेल्या भोकांभोवती चिरा पडू लागल्याचे २०२३ मध्ये पुढे आले आणि त्याच डिसेंबरात तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला.

आपल्याकडे मात्र विमान म्हटले की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघते. १८९५ मध्ये त्यांचे विमान चौपाटीवर उडाले, ही कथा कितीही मोहक असली तरी तिला विश्वसनीय समकालीन आधार मिळत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'ची साक्ष काढली जाते, ती विसाव्या शतकाच्या आरंभीची रचना असून तिच्यातील विमाने उडूच शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली मांडला. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला.

जेमतेम वर्षभराने, फेब्रुवारी २०१६ मध्ये, त्याच मुंबईत 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात एक सहा आसनी विमान लोकांनी डोळ्यांनी पाहिले. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने ते कांदिवलीच्या चारकोप भागातील आपल्या इमारतीच्या गच्चीवर बांधले होते. ते तयार संचातून जोडलेले नव्हते, आणि त्याआधीचे त्यांचे दोन प्रयत्न फसले होते. मला या दोन अपयशांचे मोल अधिक वाटते. तळपद्यांच्या दंतकथेत एकही वाक चुकत नाही, एकही पत्रा वाया जात नाही. म्हणूनच ती इतिहास वाटत नाही. यादवांना विमानाची नोंदणी मिळण्यास नोव्हेंबर २०१७ उजाडला, आणि उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये हाती आला.

२०२० साली हे विमान चाचणीसाठी उडाले, ते धुळ्याच्या धावपट्टीवरून. द्वारका चौकातून ओझर, चांदवड, मालेगाव करीत जाणारा तोच महामार्ग धुळ्याला पोहोचतो.